जुने व्हायोलिन घेताना

घरातील मुलाला तबला शिकावासा वाटला, किंवा मुलीच्या मनात सतारीने घर केले, की आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत एक वाक्य हमखास उच्चारले जाते. “आधी एखादे स्वस्तसे वाद्य आणून देऊ, टिकली तर पुढे चांगले घेऊ.” हे बोलणारा मनुष्य बहुधा घरचा हिशेब ठेवणारा असतो आणि त्याचा हेतू मुळीच वाईट नसतो. चार महिन्यांच्या हौसेपायी माळ्यावर जाऊन पडलेल्या वस्तू प्रत्येक घरात असतात. त्या त्याच्या डोळ्यांपुढे असतात. इतर वाद्यांविषयी हे धोरण कितपत योग्य, याचा निवाडा त्या त्या वाद्याच्या जाणकारांनी करावा. व्हायोलिनच्या बाबतीत मात्र ते सपशेल उलटे आहे, असे आमचे गेल्या वर्षभरात मत बनले आहे. आणि ज्या कारणांनी ते बनले ती कारणे, ज्यांच्या घरी अशीच निकड उद्भवली असेल त्यांच्या उपयोगी पडतील, म्हणून येथे मांडतो.

पेटीची पट्टी दाबली की स्वर ठरलेल्या जागी बोलतो. शिकणाराने तो घडवावयाचा नसतो. सतारीला पडदे असतात, बोट कोठे ठेवावयाचे हे निदान डोळ्यांना कळते. व्हायोलिनला यांपैकी काहीच नाही. गुळगुळीत काळ्या पट्टीवर खूण म्हणून सापडत नाही, आणि बोट केसभर पुढेमागे पडले की गंधार हा गंधार राहत नाही. त्यात उजव्या हातातील गजाचा दाब, वेग आणि जागा ही तीन व्यवधाने वेगळीच. यामुळे नवशिक्याचा सारा अभ्यास एका गृहीतावर उभा असतो: स्वर वाईट लागला तर चूक माझ्या हाताची, आणि हात सुधारला की स्वर सुधारेल. वाद्यच खोटे असेल तर हे गृहीत ढासळते, आणि ढासळल्याचे त्या बिचाऱ्याला कळतही नाही. तयारीचा वादक सदोष वाद्याशी जुळवून घेऊन त्यातूनही चार स्वर काढील. नवशिक्याजवळ जुळवून घेण्यासारखे काहीच नसते. उस्तादापेक्षा नवशिक्यालाच निर्दोष वाद्याची गरज अधिक, हे म्हणणे प्रथम ऐकताना विचित्र वाटते खरे. तथापि आम्ही ते प्रत्यक्ष पाहिले आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची नात तेरा वर्षांची आहे. तिने एका मैफलीत व्हायोलिनची साथ ऐकली आणि हट्ट धरला. तिच्या वडिलांनी घरबसल्या एक नवे कोरे, चकचकीत व्हायोलिन मागवून दिले. गज, राळ, खोके, सारे एकाच किमतीत. शिकवणी सुरू झाली. पहिला महिना उत्साहात गेला, दुसऱ्यात आई मागे लागली म्हणून रियाझ झाला, आणि चौथा महिना संपता संपता मुलगी एके दिवशी आम्हांस म्हणाली, “आजोबा, मला कानच नाही. बाकीच्या मुलींना येते.” घरातही हाच निष्कर्ष निघू लागला होता. आमच्या वहिनींनी तर “आपल्या घराण्यात गाण्याचे अंग नाहीच” असे सांगून प्रश्न निकालातही काढला.

आम्हांस हे वाक्य फार लागले. पस्तीस वर्षे वर्गात ‘मला संस्कृत येतच नाही’, ‘मला गणितच कळत नाही’ अशी वाक्ये आम्ही ऐकली आहेत, आणि ती म्हणणाऱ्या मुलांपैकी काहींना मुळात फळ्यावरचे अक्षरच दिसत नव्हते. चष्मा लागला आणि गणित येऊ लागले. तेव्हा मुलीला घेऊन आम्ही तिच्या गुरुजींकडे गेलो आणि तिचे व्हायोलिन त्यांच्या हाती देऊन, कृपा करून यावर थोडे वाजवून दाखवावे, अशी विनंती केली. शिकवणीत एका वेळी सातआठ मुले असतात. प्रत्येकाचे वाद्य हाती घेऊन पाहण्यास सवड कोठून असणार? गुरुजींनी तारा लावल्या. दोन ओळी वाजवल्या नाहीत तोच खुंटी सटकून तार उतरली. पुन्हा लावली, पुन्हा उतरली. तार दाबताना त्यांच्याही कपाळावर आठी उमटली. शेवटी वाद्य मांडीवर ठेवून ते म्हणाले, “मास्तर, हिला बोल लावू नका. यावर मलाही वाजत नाही.” मुलगी त्या वेळी काही बोलली नाही, परंतु रस्त्याने परत येताना तिने तेच वाक्य आमच्याकडून तीनदा वदवून घेतले.

दोष काय होते, ते गुरुजींनी नंतर एकेक करून दाखवले. तारांखाली जी उभी लाकडी घोडी असते ती कारखान्यातून आली तशीच, जाड आणि उंच होती. पट्टीच्या टोकापाशी सर्वांत बारीक तारेची उंची सुमारे साडेतीन मिलिमीटर आणि जाड तारेची साडेपाच असावी. येथे ती जवळजवळ दुप्पट होती. कोवळी बोटे कापली जातील नाही तर काय! पट्टी आबनुसाची नसून मऊ लाकडाला काळा रंग दिलेली होती. खुंट्या आपापल्या भोकांत नीट बसत नव्हत्या. यात कारखान्याचा सारा अपराध आहे असेही नाही. कारखान्यातून निघालेले व्हायोलिन म्हणजे बेतून शिवलेला, पण काजे-बटणे न केलेला सदरा होय. घोडी कातून बसवणे, खुंट्या घासून जुळवणे ही कुशल हाताची दोनतीन तासांची कामे असतात, आणि अति स्वस्त वस्तूच्या किमतीत त्या हाताची मजुरी धरलेलीच नसते.

मग घरात बैठक बसली. बारा हजारांपलीकडे जावयाचे नाही, असे ठरले. या रकमेत नवे घ्यावे की जुने? गुरुजींचा कौल जुन्याकडे पडला, आणि आमचाही. कारण बाजारात फिरणारी बरीचशी जुनी व्हायोलिने ही जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या मार्कन्यूकिर्खन या गावाच्या परिसरात किंवा फ्रान्समधील मीरकूर येथे तयार झालेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत तेथे घरोघरी हाच धंदा चाले. कोणी माना कोरी, कोणी पोटे, कोणी खुंट्या. जुळवणी करणारा तिसराच. मालाची उंची बेताची, पण लाकूड खरे: पोटाला स्प्रूस, पाठीला मेपल. शंभर वर्षे टिकलेल्या अशा साध्या वाद्यावर निदान एक गोष्ट सिद्ध झालेली असते, ती म्हणजे ते वाजत आले आहे.

आमचे एक स्नेही म्हणाले की, असले विलायती वाद्य घरात हवेच कशाला. त्यांस आम्ही सांगितले की, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात पिनाकी वीणा सांगितली आहे आणि ती धनुष्याने वाजवावयाची आहे. आजचे व्हायोलिन युरोपातून आले हे खरेच. पण दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी (१७८६–१८५८) ते आपलेसे केले, आणि इकडे गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग यांच्या हातून ते असे काही गाऊ लागले की परकेपणाचा प्रश्नच उरला नाही. स्नेह्यांचे समाधान झाले की नाही, देव जाणे. वहिनींचा आक्षेप अधिक व्यावहारिक होता: घोड्याच्या शेपटीचे केस आणि कातड्याचा सरस असलेली वस्तू देवघराशेजारच्या खोलीत कशी ठेवावयाची? मृदंगाचे चामडे चालते, एवढेच आम्ही विनयाने म्हटले. व्हायोलिन सध्या त्याच खोलीत आहे.

जुने वाद्य शोधू लागल्यावर पहिली गाठ पडते ती चिठ्ठीशी. पोटावर दोन नागमोडी फटी असतात. त्यांतून आत डोकावले की पाठीवर चिकटवलेला एक पिवळा कागद दिसतो आणि त्यावर ‘आंतोनिउस स्त्रादिवारिउस’ असे लॅटिन अक्षरांत लिहिलेले आढळते. एका दुकानदाराने आम्हांस असे वाद्य दाखवून, आवाज खाली करून, मोठी किंमत सांगितली. क्रेमोनाचा हा थोर कारागीर १७३७ साली वारला. त्याच्या हातची सुमारे साडेसहाशे वाद्ये आज जगात उरली आहेत, आणि त्यांची मोजदाद आहे. मात्र त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या सॅक्सनीच्या कारखान्यांनी लाखांनी छापल्या. ‘या नमुन्यावरून केलेले’ एवढाच त्यांचा आशय होता. नावापुढे ‘फासिएबात’ असे क्रियापद असते. लॅटिनमध्ये तो अपूर्ण भूतकाळ, म्हणजे ‘करीत होता’; व्याकरणाची आवड असणारास हा प्रयोग पाहून मौज वाटते. त्याच चिठ्ठीवर खाली ‘मेड इन जर्मनी’ असेल, तर वाद्य बहुधा १८८७ नंतरचे समजावे, कारण परदेशी मालाविषयीचा ब्रिटिश कायदा त्या सालचा आहे. अमेरिकेतही १८९१ पासून असाच नियम लागू झाला. तात्पर्य, चिठ्ठीचा कागद वाचावा आणि विसरून जावा. आम्ही त्या दुकानदाराचा नमस्कार घेऊन बाहेर पडलो.

पुढे गुरुजींच्या ओळखीने मुंबईस धोबीतलावाच्या बाजूस एका गोवेकर बाईंकडे जाण्याचा योग आला. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणावर पुढे शेकडो गोवेकरांनी मुंबईच्या बँडांत, हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत चरितार्थ चालवला. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरु अँथनी गोन्साल्विस हे याच परंपरेतले. १९७७ सालच्या एका चित्रपटातील गाण्यामुळे त्यांचे नाव ज्यांस ठाऊक आहे, त्यांतील कित्येकांना ते खऱ्या माणसाचे नाव आहे याची कल्पना नसते. १९८० नंतर सिंथेसायझर आले, एका रेकॉर्डिंगला चाळीस-पन्नास व्हायोलिने बसण्याचे दिवस हळूहळू सरले, आणि ती वाद्ये घरोघरी कपाटांत जाऊन राहिली. बाईंचे यजमान असेच वादक होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

खोके उघडले तेव्हा गजाचे निम्मे केस तुटून लोंबत होते. बंद खोक्याच्या अंधारात कसर वाढते आणि ती हे केस कुरतडते. वाद्य हलवताच आत काहीतरी खडखडले. “आत लाकूड मोडलंय म्हणून अगोदर एकजण अडीच हजारांनाच मागत होता,” बाई म्हणाल्या.

गुरुजींनी परीक्षा कशी केली ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. प्रथम त्यांनी वाद्य कानाशी धरून कडेकडेने बोटाच्या पेराने टिचकी मारीत फेरी पुरी केली. बाजारात मडके वाजवून घेतात अगदी तसे. जेथे आवाज भसका आला तेथे शिवण सुटली होती, अशा दोन जागा निघाल्या. सुटलेली शिवण हा दोष नव्हे. वाद्य सरसाने जोडतात ते याचसाठी की, हवेने लाकूड फुगले-आटले तर जोड सुटावा, लाकूड तडकू नये. तड असेल तर मात्र सावध राहावे. पोटावरची, लाकडाच्या रेषेने गेलेली आणि नीट सांधलेली जुनी तड चालते. पाठीवर, घोडीच्या उजव्या पायाच्या बरोबर खाली तड असेल, तर ते वाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी नवशिक्यासाठी घेऊ नये. ती दुरुस्ती वाद्याहून महाग पडते. मग त्यांनी एक डोळा मिटून मान व पट्टी सरळ आहेत का ते पाहिले, पट्टी नखाने घासून काळेपण रंगाचे की लाकडाचे याची खात्री केली, खुंट्या फिरवल्या, किडीची भोके शोधली. शेवटी मुलीला डावा हात लांब करावयास सांगून वाद्य तिच्या मानेपासून धरले. टोकाच्या गुंडाळीभोवती तिची बोटे सहज वळली, म्हणजे पूर्ण माप तिला चालणार होते. (लहान मुलांसाठी अर्धे, पाऊण अशी मापे मिळतात. परकर-पोलके वाढत्या अंगाचे शिवतात तसे व्हायोलिन वाढत्या अंगाचे घेऊ नये.)

आणि ती खडखड? पोट आणि पाठ यांच्यामध्ये, घोडीच्या एका पायामागे, पेन्सिलीएवढी एक काडी उभी असते. तिला सरस लावलेला नसतो. केवळ दाबाने ती उभी राहते आणि पोटाचे कंपन पाठीस पोहोचवते. वर्षानुवर्षे तारा उतरून ठेवल्या की ती पडते. फ्रेंच आणि इटालियन भाषांत तिला ‘आत्मा’ या अर्थाचेच नाव आहे. आपल्याकडे तंबोऱ्याच्या तारेखालील दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात, त्याची आम्हांस आठवण झाली. गुरुजींनी बाईंना सांगितले, “लाकूड मोडलेले नाही. एक काडी पडली आहे, कारागीर ती अर्ध्या तासात उभी करील. मात्र तोवर कोणी तारा ताणू नयेत, पोट खचेल.”

बाईंनी गजासकट सर्वाचे आठ हजार सांगितले. आमच्या खिशात बारा होते. मुलगी वाद्याकडे पाहत होती. गुरुजी मात्र गज खिडकीशी नेऊन उजेडात न्याहाळीत होते, आणि परत आले ते काही न बोलता आमच्याकडे पाहू लागले. बाहेर जिन्यात नेऊन त्यांनी सांगितले की, केस गेले असले तरी दांडी ब्राझीलमधील पर्नांबुको लाकडाची आहे, चांदीचे काम आहे, कारागिराचा ठसा आहे. त्या झाडाच्या व्यापारावर २००७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि हा गज एकटाच व्हायोलिनच्या कित्येक पट किमतीचा असू शकेल. “ठरवणे तुमच्याकडे,” ते म्हणाले.

आम्ही आत जाऊन बाईंना ते सांगितले. गज जाणकारास दाखवल्यावाचून कोणासही देऊ नये, आम्हांला नुसते वाद्य द्यावे, असे म्हटले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, ते नेहमी म्हणायचे, गज सांभाळ. मला वाटायचं सवयीनं म्हणतात.” वाद्याचे त्यांनी साडेसहा हजार घेतले. वाजवणार कोण, एवढे मात्र विचारले आणि मुलीच्या हनुवटीखाली यजमानांचे हनुवटीचे लाकूड बसते का तेही पाहून घेतले.

घरी हा वृत्तांत सांगितला तेव्हा बंधूंना तो पटला नाही. “दादा, व्यवहारात गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. त्यांनी किंमत सांगितली, आपण द्यावयाची होती.” आम्ही म्हटले, उद्या आपल्या घरातील एखाद्या बाईस कपाटातील चांदी विकण्याची वेळ आली, तर समोरच्याने गप्प राहावे असे तुला वाटेल काय? त्यावर बंधू म्हणाले की तो प्रश्न वेगळा. तो वेगळा कसा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

हिशेब मात्र त्यांनीच वहीत लिहिला आहे. वाद्य ६,५००, काडी उभी करणे, नवी घोडी कातून बसवणे आणि शिवणी सांधणे २,१००, तारांचा संच १,२००, साधा पण सरळ गज १,७००. एकूण ११,५००. ज्यांचे अंदाजपत्रक याहून लहान असेल त्यांनीही निदान तिसरा हिस्सा दुरुस्ती आणि तारांसाठी बाजूला काढून मगच वाद्याची किंमत ठरवावी. सर्व पैसे वाद्यात घालून ते आहे तसे मुलाच्या हाती देणे म्हणजे पुन्हा पहिल्याच जागी येणे होय. शेजारी वादक नसेल तर शिकवणाऱ्या गुरूंना अवश्य बरोबर न्यावे, आणि त्यांच्या वेळेचा मोबदला न मागता द्यावा.

गज विकत घेताना दांडीवरून नजर टाकून ती वाकडी नाही ना एवढे पाहिले की पुरे. वाजवून झाल्यावर केस सैल करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. खुंटी सटकत असेल तर तिला थोडा खडू घासावा, घट्ट बसत असेल तर कोरडा साबण. हा उपाय ऐकून आम्हांस विशेष आनंद झाला, कारण खडूचे तुकडे आमच्या जुन्या कोटांच्या खिशांत अजून सापडतात.

मुलगी आता रोज पाऊण तास बसते. भूपातील अलंकार चालले आहेत; गंधार अद्याप कधीकधी चढतो, पण तो चढला हे तिचे तिलाच कळते आणि ती थांबून बोट मागे घेते. श्रावणात सर्द हवेने पाठीची एक शिवण पुन्हा सुटली. टिचकी मारून ती तिनेच शोधून काढली. कारागिराने सरस लावून, चिमटे आवळून वाद्य तीन दिवस ठेवून घेतले, आणि ते तीन दिवस शाळेतून येताना ती रोज त्याच्या दुकानापाशी थांबून, वाळले का, म्हणून विचारून येत असे.